युरोपातल्या गोगलगायी ओळखताना: आधी ओठ, मग बेंबी, रंग सगळ्यात शेवटी

शेवाळ

पावसानंतर कुंपणावर दिसलेल्या गोगलगायीचा वरून काढलेला एक फोटो, आणि खाली ‘ही कोणती?’ एवढाच प्रश्न. याचं खात्रीचं उत्तर बहुतेक वेळा देताच येत नाही. वरून दिसतो तो रंग, आणि युरोपातल्या बागांमध्ये रंगाइतकी फसवी खूण दुसरी नाही. म्हणून हा चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. जर्मनी, नेदरलँड्स, इंग्लंड, उत्तर फ्रान्स इथल्या बागा, भिंती नि ओढ्याकाठ डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूची भर कुणीतरी घाला.

शंख धरायचा तो शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे करून. मग चार गोष्टी, याच क्रमाने.

पहिली, वाढ पूर्ण झाली आहे का? बागेतल्या मोठ्या जाती वाढ संपली की तोंडाची कड जाड करतात आणि थोडी बाहेर वळवतात. हा तिचा ओठ. कड कागदासारखी पातळ असेल, नखाने दबत असेल, तर ते पिल्लू आहे. पिल्लाच्या बाबतीत प्रजातीचा हट्ट सोडायचा, गणावर, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटावर (शास्त्रीय नावाचा पहिला शब्द) थांबायचं.

दुसरी, माप. सगळ्यात रुंद जागी, ओठासकट, मिलिमीटरमध्ये. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम. नसेल तर शेजारी नाणं ठेवून फोटो काढा: एक युरोचं नाणं २३.२५ मिमी, एक सेंटचं १६.२५ मिमी. नाणं जमिनीवर आडवं आणि शंख त्यावर सेंटिमीटरभर उंच, असं झालं की शंख कॅमेऱ्याच्या जवळ येतो आणि आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. नाण्याखाली खडा किंवा काडेपेटी सरकवून ते शंखाच्या मध्याच्या पातळीवर आणायचं.

तिसरी, ओठाचा रंग आणि तोंडाच्या आतली बाजू.

चौथी, बेंबी. शंख उलटा केला की ज्या आसाभोवती वेढे फिरतात तिथे कधी भोक असतं, कधी फट, कधी काहीच नसतं. पूर्ण उघडी, अर्धी झाकलेली की बंद, एवढं नोंदवलं तरी निम्म्या जाती यादीतून बाद होतात.

फोटो तीन हवेत: तोंडाकडून, वरून, खालून. जिवंत असेल तर अंग बाहेर आलेला चौथा.

भिंतीवरची

चांगला विषय. पिवळी, तपकिरी पट्ट्यांची, मध्यम आकाराची, ही तर सगळीकडे दिसते. तिच्यापासून सुरू करा ना.

शेवाळ

ती एक नाही, दोन आहेत. सेपाया नेमोरॅलिस आणि सेपाया हॉर्टेन्सिस. दोन्ही पिवळ्या, गुलाबी किंवा तपकिरी असतात. दोन्हींवर शून्य ते पाच पट्टे असतात. दोन्हींची बेंबी मोठेपणी बंद होते. म्हणजे रंग आणि पट्टे इथे जवळजवळ निरुपयोगी.

फरक ओठात. नेमोरॅलिसचा ओठ गडद तपकिरी, जवळजवळ काळा. हॉर्टेन्सिसचा पांढरा. नेमोरॅलिस साधारण १८ ते २५ मिमी, हॉर्टेन्सिस १४ ते २० मिमी. मधल्या दोन मिलिमीटरच्या पट्टीत दोघी बसतात, तिथे माप उपयोगाचं नाही.

चुनखडी

ओठाच्या नियमालाही अपवाद आहेत. आयर्लंडमध्ये आणि पिरेनीज भागात पांढऱ्या ओठाच्या नेमोरॅलिस सापडतात, आणि क्वचित गडद ओठाच्या हॉर्टेन्सिसही. अशा वेळी शंखावरून भांडण मिटत नाही. मीलनाच्या वेळी या गोगलगायी एकमेकींच्या अंगात चुन्याचा बारीक बाण खुपसतात. त्या बाणाला लांबीभर चार पाती असतात. नेमोरॅलिसची पाती साधी, हॉर्टेन्सिसच्या पात्यांच्या कडा दुभंगलेल्या. पण बाण पाहायला विच्छेदन करावं लागतं. बागेतल्या नोंदीसाठी त्या वाटेला जाऊ नका, ‘सेपाया, प्रजाती अनिश्चित’ लिहा आणि पुढे चला.

पाऊसवेडा

पट्टे अगदीच निरुपयोगी नाहीत हो. ते लिहायची एक सुटसुटीत पद्धत आहे. मोठ्या वेढ्यावर वरून खाली १ ते ५ आकडे द्यायचे, जो पट्टा नाही तिथे ०. पाचही असतील तर १२३४५. फक्त मधला असेल तर ००३००. वरचे दोन गायब असतील तर ००३४५. दोन पट्टे एकमेकांत मिसळले असतील तर ते कंसात: (१२)३(४५). मोजायचे ते ओठापासून पाव वेढा मागे, कारण ओठाजवळ पट्टे पसरतात आणि खोटे एकत्र दिसतात.

आता उपयोग. हॉर्टेन्सिसवर साधारणपणे पाच पट्टे असतात नाहीतर एकही नाही. नुसता मधला एकच पट्टा असला तर पारडं नेमोरॅलिसकडे झुकतं. हा पुरावा नव्हे, फक्त सुगावा.

या पट्ट्यांवर जनुकशास्त्राचा मोठा इतिहास उभा आहे. १९५० च्या दशकात केन आणि शेपर्ड या दोघा संशोधकांनी ऑक्सफर्डच्या आसपास हजारो शंख मोजले. गवताळ जागी पिवळ्या नि पट्टेदार जास्त, रानातल्या पाचोळ्यावर तपकिरी, गुलाबी आणि बिनपट्ट्याच्या जास्त. कारण कस्तूर कुळातला साँग थ्रश. तो दिसेल ती गोगलगाय उचलतो आणि ठरलेल्या दगडावर आपटून फोडतो. असा ‘ऐरणीचा’ दगड सापडला की भोवतीच्या ठिकऱ्या गोळा करा, त्या भागात कोणत्या जाती आहेत ते फुकटात कळतं. ठिकरीवर ओठाचा तुकडा शिल्लक असेल तर प्रजातीही.

उंबरठा

व्हिएन्नाच्या बाजूला पट्ट्यांची एक सापडते, तिचा ओठ ना धड पांढरा ना धड काळा. फिकट तपकिरी. ही कोण?

चुनखडी

शंखावर बोट फिरवा. सेपायाचा पृष्ठभाग बराच गुळगुळीत लागतो. बोटाला उभ्या बारीक रेघा जाणवत असतील, वरचे दोन पट्टे फिके आणि खालचे गडद असतील, तर ती कॉकॅसोटॅकिया विंडोबोनेन्सिस. विंडोबोना हे व्हिएन्नाचं रोमन नाव. जुन्या पुस्तकात ती सेपायातच दिसेल. आता गण वेगळा केला आहे.

शेवाळ

नावं बदलतात याची सवय ठेवा. बागेतली मोठी खडबडीत तपकिरी गोगलगाय जुन्या पुस्तकांत हेलिक्स ॲस्पर्सा असते, आता कॉर्नू ॲस्पर्सम. म्युलरने १७७४ मध्ये वर्णन केलेली तीच ही. रुंदी २५ ते ४० मिमी, शंखावर सुरकुत्या, तपकिरी पट्टे मधेमधे तुटून ज्वाळांसारखे झालेले, ओठ पांढरा, बेंबी बंद. फ्रेंच स्वयंपाकातली ‘पेती-ग्री’ हीच.

आणि ‘एस्कार्गो’ म्हणून जिचं नाव जास्त गाजतं ती हेलिक्स पोमॅटिया, जर्मनांची वाइनबर्गश्नेके. ३० ते ५० मिमी, दुधाळ-बदामी, पट्टे असले तर अगदी पुसट, बेंबी अरुंद आणि ओठाने अर्धवट झाकलेली. चुनखडीची जमीन लागते. हिवाळ्यात दोघींत गल्लत होऊ नये म्हणून झाकण पाहा. पोमॅटिया तोंडावर खडूसारखं जाड, टणक झाकण बसवते. कॉर्नू नुसता कागदासारखा पापुद्रा ओढते.

पोमॅटियाला हात लावण्याआधी कायदा बघा. युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशाच्या पाचव्या परिशिष्टात ती आहे, जर्मनीत ती विशेष संरक्षित जातींत मोडते, इंग्लंडमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली येते. फोटो काढा, मापा, तिथेच ठेवा.

भिंतीवरची

हेलिक्स ल्युकोरम राहिली. आकाराने पोमॅटियाएवढीच, पण रुंद गडद तपकिरी पट्टे आणि मधून एक फिकट पट्टी. ओठाची कड तपकिरी, बेंबी मोठेपणी बंद. मूळची तुर्कस्तान आणि आग्नेय युरोपची. रोपवाटिकांच्या मालाबरोबर पश्चिमेकडे सरकते आहे. त्यामुळे ‘गडद पोमॅटिया’ दिसली की आधी बेंबी तपासा.

कस्तूर

ओलसर जागी, ओढ्याकाठच्या खाजकुइलीसारख्या चावणाऱ्या नेटलच्या झुडपात, सेपायाएवढीच पण चॉकलेटी रंगाची मिळते. शंखभर पिवळसर ठिपके शिंपडल्यासारखे. ही एरियांटा आर्बुस्टोरम. १८ ते २५ मिमी, ओठ पांढरा. मध्याच्या थोडा वर बहुधा एकच गडद पट्टा. सेपायाशी गोंधळ झाला तर बेंबी: सेपायाची पूर्ण बंद, हिची जवळजवळ झाकलेली पण बारीक फट उरलेली. अंगही बहुधा काळपट असतं.

उंबरठा

भिंतीवरच्या भेगांतून चातीसारख्या लांबट निघतात त्या? सेंटीमीटरभर लांब, तोंड उलट्या बाजूला.

चुनखडी

क्लॉसिलिडी कुळ. ‘तोंड उलट्या बाजूला’ हीच त्यांची खूण. शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की बहुतेक गोगलगायींचं तोंड उजवीकडे येतं, यांचं डावीकडे. तोंडात आत सरकणारी चुन्याची चमच्यासारखी पट्टी असते, ती दार लावायचं काम करते.

प्रजाती मात्र सोपी नाही. कॉक्लोडिना लॅमिनाटा मोठी, १५ ते १७ मिमी, आणि चकचकीत, ती लगेच कळते. क्लॉसिलिया बायडेंटाटा ९ ते १२ मिमी, उभ्या बारीक रेघांची. तिच्या बहिणींपासून तिला वेगळं करायला तोंडातल्या घड्या दहापट भिंगाखाली मोजाव्या लागतात. उजेड तिरका द्या, समोरून दिला तर घड्या दिसतच नाहीत.

पाऊसवेडा

म्हणजे दक्षिणावर्ती शंखाच्या उलट? तो उजवा, ही डावी?

चुनखडी

इथेच घोळ होतो, आणि मराठी वाचकाचा तर हमखास. देवघरातला दुर्मिळ दक्षिणावर्ती शंख आपण निमुळती चोच वर धरून पाहतो, तेव्हा उघडं तोंड उजवीकडे येतं म्हणून तो ‘उजवा’. प्राणिशास्त्रात शेंडा वर धरतात, म्हणजे नेमका उलटा. तसं धरलं की त्याच शंखाचं तोंड डावीकडे जातं. तेव्हा देवघरातला उजवा तो पुस्तकातला डावा. क्लॉसिलिया पुस्तकातली डावी आहे, म्हणजे पूजेच्या हिशोबाने ती ‘दक्षिणावर्ती’ ठरेल. फरक इतकाच की त्या कुळात तसं असणं हाच नियम.

उजव्या जातीत एखादी डावी निघणं खरंच दुर्मिळ. २०१६ मध्ये नॉटिंगहम विद्यापीठात ‘जेरेमी’ नावाची डाव्या वेढ्याची कॉर्नू ॲस्पर्सम गाजली होती. तिच्यासाठी डाव्या जोडीदाराचा शोध जाहीरपणे घेतला गेला. जोडीदार मिळाले, पिल्लं झाली, ती सगळी उजवी निघाली. तेव्हा नोंद करताना फोटो आरशासारखा उलटा झालेला नाही ना हे आधी पाहा. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो काही फोन तसेच साठवतात.

कस्तूर

आता चपट्या नि चकचकीत. फरशीखाली, तळघरात, कंपोस्टमध्ये काचेसारख्या पारदर्शक तपकिरी गोगलगायी असतात, ऑक्सिकायलस गणातल्या. यांना मोठेपणीही ओठ येत नाही, त्यामुळे शेवाळ यांची पहिली पायरी इथे चालत नाही. जिवंत प्राणी पाहणं हाच मार्ग. ऑक्सिकायलस सेलॅरियस ९ ते १४ मिमी, अंग फिकट निळसर करडं. ऑक्सिकायलस ड्रापर्नॉडी ११ ते १६ मिमी, अंग गडद निळं. ऑक्सिकायलस ॲलिएरियस ५ ते ७ मिमी, अंग काळपट, आणि काडीने डिवचलं की लसणाचा झणझणीत वास. एका नातलग जातीलाही थोडा वास येतो, म्हणून नुसत्या वासावर निकाल देऊ नका, माप जुळलं पाहिजे.

ड्रापर्नॉडी दिसायला गरीब, पण दुसऱ्या गोगलगायी खाते. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण हिच्याइतकी कुणाला शोभत नाही. सापडलेल्या लहान गोगलगायी हिच्याबरोबर एकाच डबीत ठेवल्यात तर घरी पोचेपर्यंत रिकामे शंख उरतील.

भिंतीवरची

बारक्या जातींत केसाळ असतात त्या सांगा कुणीतरी.

शेवाळ

ट्रोक्युलस हिस्पिडस. ५ ते १२ मिमी, शंखावर आखूड वाकडे केस, बेंबी रुंद उघडी. केस पाहायचे तर शंख उजेडाकडे आडवा धरा, कड उजळते आणि केस दिसतात. जुन्या, झिजलेल्या शंखावरचे केस गळतात. पण मुळाशी खड्डे राहतात, भिंगातून ते दिसतात. ट्रोक्युलस स्ट्रिओलाटस ११ ते १४ मिमी. तिला केस फक्त लहानपणी. हिस्पिडसच्या आसपासच्या जातींचा गुंता अजून सुटलेला नाही, त्यामुळे ‘ट्रोक्युलस’ एवढंच लिहिलं तर कुणी हसणार नाही.

त्याच पाचोळ्यात डिस्कस रोटुंडाटस असते. ५.५ ते ७ मिमी, बटणासारखी चपटी, ठळक उभ्या धारा, तांबूस डाग, बेंबी खूप रुंद. एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही.

आणि चुनखडीच्या भुसभुशीत मातीत पोमॅटियास एलेगन्स. १३ ते १६ मिमी उंच, शंखावर आडव्या सर्पिल रेघा. शेपटीवर कायमचं गोल झाकण घेऊन फिरते. बागेतल्या बाकीच्या गोगलगायींकडे असं कायमचं झाकण नसतं, आणि त्या नर-मादी एकातच असतात. हिच्यात नर वेगळा, मादी वेगळी.

दर्यावर्दी

भूमध्य बाजूची भर घालतो. स्पेन, इटली, ग्रीसच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात वाळलेल्या काड्यांवर, खांबांवर पांढऱ्या गोगलगायींचे घोस लटकलेले दिसतात. तापलेल्या जमिनीपासून दूर राहायला त्या वर चढतात. या घोसात दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात, म्हणून घोसाला एकच नाव देऊ नका.

थेबा पिसाना: १२ ते २५ मिमी, पांढऱ्यावर बारीक तुटक रेघा, तोंडात गुलाबी झाक, बेंबी जवळपास झाकलेली. हिच्या पिल्लांच्या मोठ्या वेढ्याला टोकदार धार असते, त्यामुळे लोक ती वेगळी जात समजतात. सेर्नुएला विर्गाटा दिसायला तशीच, पण बेंबी स्पष्ट उघडी. बस, उलटी केली की निकाल.

कॉक्लिसेला अक्यूटा उंच सुळक्यासारखी, १० ते २० मिमी. रुमिना डेकोलाटा त्याहून मोठी आणि शेंडा तुटलेला. तो अपघात नाही, वाढताना ती स्वतःच शेंडा टाकून देते. ‘तुटका नमुना’ म्हणून फेकू नका.

इयोबानिया व्हर्मिक्युलाटा २२ ते ३२ मिमी, चपटसर, चॉकलेटी पट्टे, रुंद पांढरा ओठ, बेंबी बंद. सेपायाची ‘मोठी पांढऱ्या ओठाची’ म्हणून जे फोटो दक्षिणेकडून येतात, त्यांत बऱ्याचदा हीच असते.

उंबरठा

मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपं फस्त करणारी शंखी गोगलगाय यातलीच का? गावाकडे कॉर्नूचा फोटो दाखवला तर सगळे हीच म्हणतात.

चुनखडी

नाही. ती लिसाकॅटिना फुलिका, मूळची पूर्व आफ्रिकेची. तिचा शंख रुंदीपेक्षा उंचीला बराच जास्त, वेढे सात ते नऊ, ओठ कधीच बाहेर वळत नाही, आणि तोंडात दिसणारा शंखाचा मधला खांब खाली तिरका तोडल्यासारखा संपतो. कॉर्नूचा शंख गोलसर, वेढे चार ते पाच, ओठ वळलेला. युरोपात लिसाकॅटिना लोक पाळतात. उत्तरेकडच्या हिवाळ्यात ती उघड्यावर तगत नाही. युरोपातून भारतात येताना जिवंत गोगलगाय, अंडी किंवा कुंडीतली माती आणू नका.

पाऊसवेडा

रिकामे शंख जपायचे असतील तर? व्हिनेगरने छान चकाकतात असं वाचलं.

शेवाळ

व्हिनेगर अजिबात नको. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात तो विरघळतो. ब्लीचही नको, वरची पातळ साल निघते आणि रंग, केस त्या सालीबरोबर जातात. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब, अर्धा तास भिजवणं, मऊ टूथब्रश, सावलीत वाळवणं. आतली माती काडीने कोरू नका, ओठाला टवका जातो. पाण्यात हलवून बाहेर काढा.

साठवायला काचेची कुपी आणि कापसाचा बोळा. ओकच्या लाकडी खणात किंवा साध्या पुठ्ठ्यात ठेवलं तर त्यातून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लाच्या वाफेने शंखावर काही वर्षांत पांढरी भुकटी येते. चिठ्ठी पेन्सिलने लिहा: तारीख, जागा, अधिवास. पेनची शाई उडते. चिठ्ठीशिवाय शंख नुसती शोभेची वस्तू.

कस्तूर

शोधायची वेळ पावसानंतरची रात्र. दिवसा असेल तर ओंडके, आयव्हीच्या वेली, दगडांच्या खालची बाजू. उचललेला ओंडका होता तसाच परत ठेवा, खालचा ओलावा गेला की तिथलं सगळं मरतं. बारक्या जातींसाठी पाचोळा पिशवीत आणून वर्तमानपत्रावर वाळवा. मग आधी ५ मिमीच्या, नंतर अर्ध्या मिमीच्या चाळणीतून चाळा. ओला पाचोळा चाळला तर निम्मे शंख पानांनाच चिकटून राहतात. शेवटी हात साबणाने धुवा.

भिंतीवरची

आता या खुणा लावून एक विचारते. नेदरलँड्समधलं उट्रेख्ट, विटांची भिंत, आयव्ही. पिवळी, पट्टा ००३००, रुंदी २१ मिमी, बेंबी बंद, ओठ पांढरा. ओळखणाऱ्या ॲपने लगेच हॉर्टेन्सिस सांगितलं.

पाऊसवेडा

२१ मिमी आणि ००३००? हॉर्टेन्सिससाठी दोन्ही गोष्टी जराशा वावड्याच. ओठ किती जाड?

भिंतीवरची

पातळच. कड किंचित वळली आहे, पण नखाने दबते.

शेवाळ

मग हे ओठ घडत असलेलं पिल्लू आहे. ‘पांढरा ओठ’ नाही, अजून न झालेला ओठ. बेंबी नुकतीच बंद होत आली असणार. नेमोरॅलिसची शक्यता जास्त, पण आज ‘सेपाया’ एवढंच लिहा. हीच गोगलगाय पुढे पुन्हा ओळखायची असेल तर नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका द्या, शंखाच्या खालच्या बाजूला. वर दिलात तर थ्रशला आयतंच आमंत्रण. ओठाच्या कडेला देऊ नका, तिथे वाढ चालू आहे. काही आठवड्यांनी ओल्या रात्री त्याच भिंतीवर पाहा, कड टणक झाली असेल तर रंगही ठरलेला असेल.